परदेशी निघालेला चपलांचा जोड
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

परदेशाशी व्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचे बंदर, मोठमोठी जहाजे आणि कोट्यवधींचे करार उभे राहतात. आपल्या पाठ्यपुस्तकातील निर्यातीचे प्रकरणही देशाच्या आकड्यांनीच भरलेले असते. परंतु आज खेड्यातील एखादा कारागीर आपल्या मालाचे छायाचित्र इंटरनेटवर टाकतो, सातासमुद्रापलीकडची एखादी गृहिणी ते पाहून पैसे पाठवते आणि कारागीर माल धाडतो. हीसुद्धा निर्यातच होय. अशा लहान निर्यातीत माल सुरक्षित कसा पोचवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. तो आमच्या घरी आपल्या पायाने चालत आला आणि येताना पंचवीस हजार रुपयांचे नुकसान घेऊन आला.

आमचे घर कोल्हापुरी चपला बनविणाऱ्यांचे. आप्पा कातडे कापतात, आई वेण्या घालते आणि मोठा भाऊ मोबाईलवरून विक्री पाहतो. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. २०२४ च्या पावसाळ्यात इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी बाईंनी मुलाच्या लग्नासाठी चौदा जोड मागविले. एका जोडाचे १,८०० रुपये, म्हणजे एकूण २५,२०० रुपये झाले. पैसे आगाऊ आले. आप्पांनी कातडे उधारीवर आणले आणि तीन आठवडे रात्री जागून जोड पुरे केले.

पाठवणीची वेळ आली तेव्हा ओळखीच्या एका दलालाने सल्ला दिला, "कागदावर 'भेटवस्तू' लिहा, किंमत पाचशे रुपये घाला. तिकडं कर पडत न्हाई." आम्हांला तो सल्ला शहाणपणाचा वाटला. इंग्रजी फॉर्म मीच भरला. प्रत्येक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आम्ही मोठ्या खोक्यात घातला आणि निश्चिंत झालो.

तिकडच्या कस्टमने खोका अडविला. पाचशे रुपयांची भेट आणि आत चौदा नवे जोड, हे त्यांना पटण्यासारखे नव्हतेच. बाईंकडे खरेदीचा पुरावा मागण्यात आला. त्यांनी पैसे भरल्याची पावती दाखविली, त्यावर २५,२०० चा आकडा. दोन कागद, दोन आकडे! खोका तसाच पडून राहिला. लग्न होऊन गेले. दोन महिन्यांनी माल परत आला तेव्हा चपलांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती आणि कान वाकडे झाले होते. भरपाई मागितली तर उत्तर मिळाले की, भरपाई जाहीर केलेल्या किंमतीइतकीच मिळेल. म्हणजे पाचशे रुपये. बाईंचे सर्व पैसे आम्ही हप्त्याने परत केले. आप्पा मला एवढेच म्हणाले, "पोरी, एवढं इंग्रजी शिकलीस, आन् त्या कागदावर काय लिवलं हुतंस गं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी गेले वर्षभर पोस्टात, बँकेत आणि कारागिरांच्या घरी जाऊन जी माहिती मिळविली, ती पुढे क्रमाने मांडते.

१. माल बांधण्यापूर्वी

सुरक्षितता खोक्यापासून सुरू होत नाही, ती ग्राहकापासून सुरू होते. पैसे आल्याचा मोबाईलवरील 'स्क्रीनशॉट' म्हणजे पैसे नव्हेत; आपल्या खात्यात रक्कम जमा झाली तरच ते पैसे. फसवणुकीचा एक ठराविक प्रकार असा की, ग्राहक 'चुकून जास्त पैसे पाठविले, वरचे परत करा' असे कळवितो. आपण परत पाठवितो आणि मागाहून समजते की मूळ रक्कम खोटी होती किंवा मागे घेतली गेली. दुसरा प्रकार म्हणजे पैसे भरल्यावर पत्ता बदलणे. ज्या पत्त्याची नोंद विक्रीच्या वेळी झाली तेथेच माल पाठवावा. पत्ता बदलायचाच असेल तर जुना व्यवहार रद्द करून नवा करावा.

पत्ता ग्राहकाकडून लेखी घ्यावा आणि तो जसाच्या तसा उतरवावा. त्यात पिनकोडसारखा त्यांचा टपाल क्रमांक, दूरध्वनी आणि ई-मेल असलाच पाहिजे. कस्टमला काही विचारायचे झाल्यास ते याच क्रमांकावर विचारतात. उत्तर न मिळाल्यास माल परतीच्या वाटेला लागतो.

२. बांधणी

आम्ही प्लास्टिकची घट्ट पिशवी वापरली ती चपला भिजू नयेत म्हणून. परंतु कोल्हापुरी चपलेचे कातडे झाडपाल्याच्या रसायनांत, म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशा द्रव्यांत कमावलेले असते, आणि ते हवेतील ओल शोषून घेते. आषाढात बांधलेल्या कातड्यात ती ओल आधीच होती. पिशवी घट्ट बांधून आम्ही तिला आत कोंडले. बाहेरचे पाणी आत गेले नाही, हे खरे. पण आतले बाहेरही पडले नाही, आणि बुरशीला हवे ते घर मिळाले.

म्हणून आता आम्ही जोड प्रथम सावलीत दोन-तीन दिवस वाळवितो. उन्हात वाळवीत नाही, कारण उन्हाने कातडे तडकते. नंतर प्रत्येक जोड कोऱ्या कागदात गुंडाळून सोबत सिलिका जेलच्या पुड्या घालतो. वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगाच्या कातड्यावर उमटते, म्हणून कोरा कागद. कान दबू नयेत म्हणून पट्ट्याखाली कागदाचा बोळा भरतो. पावसापासून रक्षण करणारे प्लास्टिक सर्व मालाला मिळून एकदाच बाहेरून गुंडाळतो. खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा घेतो आणि तळाचे व वरचे सांधे इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकारात चिकटपट्टीने बंद करतो. शेवटी बंद खोका हलवून पाहतो. आत काही सरकल्याचा आवाज आला तर तो पुन्हा उघडायचा.

पोकळी भरण्यासाठी आपल्याकडे सर्रास पेंढा वा वाळके गवत घालतात. ते परदेशी पाठवणीत कटाक्षाने टाळावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश शेतीला कीड लागू नये म्हणून पेंढ्याची बांधणी चालू देत नाहीत. दहा रुपयांच्या पेंढ्यापायी हजारोंचा माल अडकू शकतो.

खोक्याचा आकार हाही पैशाचा प्रश्न आहे. बहुतेक खाजगी कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील जे जास्त असेल त्यावर आकार लावतात. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्यास सामान्यतः ५,००० ने भागले की आकारमानाचे वजन किलोत मिळते. आमच्या एका जोडाचे वजन पाऊण किलोच्या आसपास. तो ३५×२५×१५ च्या खोक्यात घातला तर वजन धरले जाते २.६ किलोहून अधिक. तोच जोड एकमेकांवर उलटसुलट ठेवून ३०×१४×१० च्या खोक्यात बसविला तर ०.८४ किलो. माल तोच, हात तेच. फरक फक्त हवेचा. आम्ही हवेचे भाडे भरत होतो!

३. कागद

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. माझ्या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की, पार्सल परदेशात गेल्यावर आपण तेथे नसतो, आपला कागद असतो. आपल्या वतीने तोच बोलतो. तो खोटे बोलला तर आपण पकडले जातो आणि अर्धवट बोलला तर माल अडकतो.

व्यापारी निर्यातीसाठी पहिला कागद म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, अर्थात आय.ई.सी. तो केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो. शुल्क ५०० रुपये. पॅन आणि बँक खाते असलेल्या एकट्या कारागिरालाही तो काढता येतो. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा कागद म्हणजे बिल, ज्याला निर्यातीत 'इन्व्हॉइस' म्हणतात. त्यावर विकणारा, घेणारा, वस्तूचे वर्णन, नग, प्रत्येकाची किंमत, चलन आणि मूळ देश यांची नोंद हवी. 'चप्पल' एवढेच लिहून भागत नाही. 'कातड्याच्या हाताने शिवलेल्या नव्या चपला, पूर्ण कमावलेले म्हशीचे कातडे, २ जोड' असे लिहावे.

तिसरा कागद कस्टम घोषणापत्राचा. जगातील टपालखात्यांची जागतिक टपाल संघ ही संघटना १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे स्थापन झाली आणि भारत १८७६ मध्येच तिचा सभासद झाला. या संघाने ठरविलेले सी.एन. २२ व सी.एन. २३ असे दोन नमुने सर्व देशांत चालतात. लहान किंमतीच्या पाकिटास पहिला, अधिक किंमतीच्या मालास दुसरा. १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या टपालाची ही माहिती संगणकाद्वारे आगाऊ पाठविणे संघाने बंधनकारक केले. म्हणजे खोका विमानात चढण्यापूर्वीच आपले लिहिणे तिकडे वाचले जाते. नुसती हाताने भरलेली चिठ्ठी आता पुरेशी नाही.

चौथा कागद निर्यातपत्राचा, म्हणजे 'पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट'चा. पूर्वी यासाठी मोठ्या शहरातील विदेश टपाल कार्यालयाशी संबंध येई. २०२२ पासून टपालखात्याने 'डाक घर निर्यात केंद्रे' सुरू केली. त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या निर्यातपत्र भरता येते आणि माल जवळच्या केंद्रात देता येतो. मी प्रथम गेले तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा फॉर्म पाहून विचारले, "अगं, एच.एस. कोड कुठं आहे?" मी गप्प राहिले. त्यांनी रांग संपेपर्यंत मला बसवून घेतले आणि नंतर तो प्रकार समजावून सांगितला.

जगातील प्रत्येक विक्रीयोग्य वस्तूला एक क्रमांक दिलेला आहे. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना तो ठरविते आणि ही पद्धत १९८८ पासून अमलात आहे. पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात. पादत्राणांचे प्रकरण ६४ वे. त्यात ६४०३.२० या क्रमांकासमोर जे वर्णन आहे त्याचा भावार्थ असा: तळ कातड्याचा आणि वरचा भाग म्हणजे पावलावरून जाणारे व पायाच्या अंगठ्याभोवतीचे कातडी पट्टे, अशी पादत्राणे. त्या खिडकीपाशी हे वाचून मी चकित झाले. ही तर आमची चप्पल! घरी येऊन आप्पांना वाचून दाखविले. ते हातातली रापी खाली ठेवून म्हणाले, "आपला पट्टा आन् आंगठा तिकडं कुणी बघितला म्हनायचा?" ज्या धंद्याचे नाव शाळेत सांगताना मी दबकत असे, त्याला जगाच्या वहीत स्वतंत्र ओळ आहे, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले.

येथेच एक सावधगिरी सांगते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार असे आठ जिल्हे येतात. परंतु मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसताना ते खोक्यावर छापणे हेही खोटे लिहिणेच होय. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने या घाटाच्या चपला श्रेय न देता मांडल्या तेव्हा आपण सर्वांनी खरेपणाची मागणी केली होती. तोच खरेपणा आपल्या कागदावरही हवा.

आता 'भेटवस्तू'चा प्रश्न. पैसे घेऊन विकलेला माल भेट ठरत नाही, मग कागदावर काहीही लिहा. भेटीला काही सवलत असते, नाही असे नाही. इंग्लंडमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या खऱ्या भेटीवर कर नाही. परंतु ही सवलत एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठविलेल्या भेटीची आहे, दुकानदाराची नव्हे. शिवाय किंमत कमी लिहिली की विमा आणि भरपाईही तितकीच कमी होते. कर वाचविण्याच्या मोहात आपण आपल्या मालाची किंमत आपल्याच हाताने खोडून टाकतो. कित्येकदा ग्राहक स्वतःच तसा आग्रह धरतो. त्याला नम्रपणे नकार द्यावा. कागदावर सही आपली असते.

४. पलीकडचा दरवाजा

माल पोचल्यावर कर कोणी भरायचा, हे विक्रीपूर्वीच ठरले पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या भाषेत कर ग्राहकाने भरायचा असेल तर डी.ए.पी. आणि विक्रेत्याने भरायचा असेल तर डी.डी.पी. अशी संक्षेपनावे आहेत. दारात आलेल्या पोस्टमनने अचानक कर मागितला की ग्राहक पुष्कळदा पार्सल नाकारतो आणि भुर्दंड आपल्यावर पडतो.

प्रत्येक देशाचा नियम निराळा, आणि तो बदलत असतो. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडने १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरील व्हॅट सीमेवर न घेता विक्रीच्या वेळीच घेण्याची पद्धत आणली. त्यासाठी थेट विकणाऱ्याला तेथे नोंदणी करावी लागते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विक्री झाल्यास ती बाजारपेठच कर गोळा करते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी बंद केली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना जात असे, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबविण्यात आली. त्या गोंधळात आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणे बंद केले, आणि शुल्क येथेच भरून घेण्याची व्यवस्था झाल्यावर १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केले. ज्यांनी त्या सात आठवड्यांत आगाऊ पैसे घेतले होते, त्यांची काय तारांबळ उडाली असेल! म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर न विसंबता पाठविण्याच्या दिवशीचा नियम पाहावा.

५. वाटेवरची खूण

पार्सल दिल्यावर तेरा चिन्हांचा क्रमांक मिळतो: आरंभी दोन इंग्रजी अक्षरे, मध्ये नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. भारतासाठी 'आय.एन.'. यातील नववा अंक हा आधीच्या आठांचा पहारेकरी असतो. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणावे, बेरीज करावी, ११ ने भागावे आणि बाकी ११ मधून वजा करावी. उदाहरणार्थ, १२३४५६७८ हे अंक घेतले तर बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते, आणि ११ मधून ६ गेले म्हणजे नववा अंक ५. उत्तर १० आले तर ० आणि ११ आले तर ५ लिहितात. भावाने एकदा ग्राहकाला घाईत चुकीचा क्रमांक कळविला आणि ग्राहक आम्हांला लबाड समजला. तेव्हापासून क्रमांक पाठविण्यापूर्वी मी हा हिशेब वहीच्या कोपऱ्यात करून पाहते. दलालाने नुसता तोंडी किंवा संदेशाने दिलेला क्रमांक खरा आहे की नाही, याचाही प्राथमिक अंदाज त्यावरून येतो.

माल बांधताना, बंद करताना आणि वजनकाट्यावर ठेवल्यावर छायाचित्रे घ्यावीत. बिल, घोषणापत्र, पावती व पैसे आल्याचा बँकेचा दाखला एका फायलीत ठेवावा. पार्सलाचा विमा खऱ्या किंमतीचा उतरवावा, कारण भरपाईला ठरावीक मर्यादा असते. तक्रारीलाही मुदत असते. 'आज येईल, उद्या येईल' म्हणत बसू नये.

समारोप

गेल्या हिवाळ्यात मेलबर्नहून दोन जोडांची मागणी आली. आप्पा नको म्हणत होते. आई म्हणाली, "हिला भरू द्या की कागद. चुकली तर चुकली." आय.ई.सी. निघाला होता. मी बिलावर खरी किंमत ३,६०० रुपये लिहिली, वर्णन पूर्ण लिहिले, क्रमांक ६४०३ २० पासून सुरू केला. खोक्यात पेंढा नव्हता, कोरा कागद होता. पार्सल पोचल्याची नोंद मोबाईलवर दिसली तेव्हा मी वर्गात होते आणि तास चालू होता, म्हणून कोणाला काही सांगता आले नाही.

यामुळे आमचे नुकसान भरून निघाले असे नाही. कातड्याच्या उधारीतील काही रक्कम अद्याप देणे आहे. परत आलेल्या जोडांपैकी काही आप्पांनी तेल लावून, घासूनपुसून स्थानिक बाजारात कमी भावाने विकले आणि एक जोड स्वतःच्या पायात घातला. तो दारात दिसला की मला माझी ती सही आठवते.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक विद्यार्थी आहेत, ज्यांच्या घरी कोणी घोंगडी विणतो, कोणी मसाले कुटतो, कोणी मूर्ती घडवितो. त्या हातांना कसब शिकविण्याची आपली पात्रता नाही. परंतु त्यांच्या मालासोबत जाणारा कागद वाचणे, समजावून सांगणे आणि त्यावर खरे तेच लिहिणे, एवढे काम आपण निश्चित करू शकतो. आप्पांच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर उशिरा का होईना हेच आहे: तेव्हा खोटे लिहिले होते, आता खरे लिहीन.